जुना फोर-व्हील घ्यावा का?

गोंदिया जिल्ह्यात शेतकरी ट्रॅक्टर घेतो तो आधी चिखलणीसाठी. नांगरणी, ट्रॉली, मळणी ही सगळी नंतरची कामे. अर्जुनी मोरगावपासून आमगाव-सालेकशापर्यंत खरिपात नजर जाईल तिथे धान. बांध्या लहान, चारही बाजूंनी धुरे, एका बांधीतून दुसरीत जायचे तर धुरा ओलांडूनच. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावून हे काम आजही होते. पण रुतलेला ट्रॅक्टर काढण्यात ज्याचा अर्धा दिवस गेला आहे, त्याला चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर, म्हणजे ज्याला सगळे नुसते ‘फोर-व्हील’ म्हणतात तो, हवासा वाटणारच. नवा हाताबाहेरचा, म्हणून जुन्याची चौकशी सुरू होते. या चौकशीत मॉडेल कोणत्या सालचे, हॉर्सपॉवर किती आणि किंमत किती खाली येते, एवढेच विचारले जाते. माझ्या मते हे तिन्ही प्रश्न दुय्यम आहेत. जुना फोर-व्हील घ्यायचा की नाही, हे दोनच गोष्टींवर ठरावे: तो वर्षाकाठी किती तास कामावर राहील आणि त्याचा पुढचा एक्सल आज कोणत्या अवस्थेत आहे. या दोन कसोट्या लावल्या, तर दोन-चार एकरांच्या मालकाने तो एकट्याने घेऊ नये, हेच उत्तर निघते.

आधी फोर-व्हीलच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करायला हवे. साध्या ट्रॅक्टरची पुढची चाके नुसती ढकलली जातात. पाणी भरलेल्या बांधीत ती चिखल फोडत नाहीत, समोर लोटत नेतात. स्टिअरिंग वळवले तरी चाक घसरत सरळच जाते आणि चालकाला डाव्या-उजव्या ब्रेकवर ट्रॅक्टर फिरवावा लागतो. पुढच्या चाकांनाही जोर मिळाला की ट्रॅक्टर स्वतःला ओढून काढतो, धुऱ्यावर सहज चढतो, आणि मागची चाके जागच्या जागी फिरून खड्डा करत नाहीत. यात जिवाचाही प्रश्न आहे. मागची चाके रुतली की त्यांना ओंडका बांधून ट्रॅक्टर काढण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी आहे, आणि ती फार घातक आहे. चाक अडले आणि इंजिनाने जोर लावला की तोंड वर उचलले जाते आणि चालकाला क्लच दाबायला सवड मिळण्याआधी ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. पुढची चाके ओढत असतील तर मुळात अशी वेळ कमी येते. म्हणून कन्हारसारखी चिकट काळी जमीन, खोल पाणी आणि सलग बांध्या असतील तर फोर-व्हीलची गरज खरी आहे. हलक्या सिहार किंवा बर्डी जमिनीत, उथळ पाण्यात, केजव्हील लावलेला साधा ट्रॅक्टर पुरतो. तिथे जास्तीचे पैसे टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

अडचण अशी, की ज्या चिखलासाठी आपण पुढच्या एक्सलचे पैसे मोजतो, तोच चिखल तो एक्सल खातो. चिखलणीत पुढची चाके तासन्‌तास पाण्यात बुडालेली असतात. चाकाजवळचे रबरी सील झिजले, त्यांच्यात धानाचे तणस किंवा तार गुंतली, की पाणी आणि बारीक गाळ आत शिरतो. तेलात पाणी मिसळले की ते बेअरिंग आणि गिअरचे रक्षण करत नाही. बाहेरून रंग चकचकीत, इंजिन एका हाकेत सुरू, आणि आत मात्र पुढच्या दोन हंगामांत मोडणारा सांगाडा, असे जुन्या फोर-व्हीलच्या बाबतीत सहज घडू शकते. म्हणून बोनेट उघडण्याआधी खाली वाकून पाहावे. पुढच्या एक्सलच्या तेलाचा नट थोडा सैल करून तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ असेल तर पाणी आत गेले आहे. अगदी नवेकोरे पारदर्शक असेल, तर ते कालच का बदलले हे विचारावे. पुढचा भाग जॅकवर उचलून चाक वर-खाली आणि आडवे हलवून बघावे. खटखट जाणवली तर किंगपिन, बुश किंवा बेअरिंग गेलेले असते. मग टायर पाहावेत. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि फोर-व्हीलमध्ये तीच सर्वांत बोलकी असते. पुढची लहान चाके मागच्या मोठ्या चाकांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत, असा गिअरचा मेळ कारखान्यातच बसवलेला असतो. काही मॉडेलांत पुढे 8-18 आणि मागे 13.6-28 अशी टायरची जोडी त्यासाठीच ठरलेली असते. मधल्या मालकाने मिळेल त्या मापाचे टायर चढवले असतील, तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडत राहतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढताना फोर-व्हीलचा दांडा खाली टाकून ठेवणारेही असतात. त्यांच्या पुढच्या टायरच्या नक्ष्या मागच्यांच्या मानाने फारच झिजलेल्या दिसतात. तासांचा मीटर बदलता येतो, तो बंदही पडलेला असतो. पण क्लच-ब्रेकच्या पायपट्टीची झीज, पीटीओच्या दात्यांची धार आणि लिफ्टच्या हातांतली लांबट झालेली भोके इतक्या सहज लपवता येत नाहीत. भारतीय मानकांच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य 10 वर्षे किंवा 10,000 तास धरतात. वर्षे कमी आणि तास जास्त, असा भाड्यावर फिरलेला ट्रॅक्टर कागदावर तरुण दिसतो, हे लक्षात ठेवावे.

आता तासांचा हिशेब. आकडे केवळ समजुतीसाठी घेतो. प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. समजा 45 हॉर्सपॉवरचा जुना फोर-व्हील 5 लाखांना मिळाला आणि 5 वर्षांनी तो अडीच लाखांना विकला गेला. म्हणजे वर्षाला 50,000 रुपये घट. मधल्या काळात सरासरी पावणेचार लाख त्यात अडकलेले. 12 टक्क्यांनी त्याचे 45,000 रुपये. विमा, टायरसाठी बाजूला काढायची रक्कम आणि किरकोळ दुरुस्ती मिळून 35,000. एकूण 1,30,000 रुपये, आणि हा खर्च ट्रॅक्टर अंगणात उभा असला तरी होतोच. आता पाच एकर धान असलेल्याचे काम बघू. चिखलणीच्या दोन पाळ्या, उन्हाळी नांगरणी, ट्रॉलीच्या खेपा मिळून एकरी पाच तास धरले आणि उन्हाळी धानही घेतले, तरी वर्षाचे 50 तास भरतात. म्हणजे डिझेल टाकण्याआधीच तासाला 2,600 रुपये पडले. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला 1,000 रुपयांना मिळत असेल तर हा सौदा कोणत्या हिशेबात बसतो? डिझेल आणि चालक मिळून तासाला 550 रुपये धरले, तर भाड्याच्या तुलनेत तासाला 450 रुपये वाचतात. त्या बचतीतून 1,30,000 भरून काढायला साधारण 290 तास काम हवे. दहा एकरांत दोन्ही हंगाम घेणाऱ्याचे घरचे काम 100 तासांचे. उरलेले 190 तास दुसऱ्यांच्या बांधीतून आणावे लागतील, आणि दुसऱ्याच्या बांधीत गेलेला प्रत्येक तास त्याच पुढच्या एक्सलवर लिहिला जातो. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी धारणा 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. एवढ्या जमिनीवर एकट्याच्या मालकीचा फोर-व्हील पोसणे म्हणजे धानाचे पैसे लोखंडात घालणे.

यावर सर्वांत जड आक्षेप वेळेचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. भाड्याचा ट्रॅक्टर मिळतो, पण हवा त्या दिवशी मिळत नाही. पऱ्हे 21 ते 25 दिवसांचे असताना रोवणी झाली तर फुटवे चांगले येतात. पऱ्हे म्हातारे झाले की उत्पन्न घटते. पाऊस झाला की साऱ्या गावाला एकाच आठवड्यात चिखलणी हवी असते. ज्याची बांधी आडमार्गाला आहे, ज्याचे दोनच एकर आहेत, ज्या बाईचा नवरा बाहेरगावी कामाला आहे, त्यांचा नंबर शेवटी लागतो. ही हानी वरच्या हिशेबात आलेली नाही, आणि ती खरी आहे. मग तीही मोजू. सरकारने 2025-26 साठी साधारण धानाला क्विंटलमागे 2,369 रुपये हमीभाव ठरवला. रोवणी लांबल्याने एकरी दोन क्विंटल गेले असे धरले, तर पाच एकरांत सुमारे 23,700 रुपयांचे नुकसान. रक्कम लहान नाही, पण 1,30,000 च्या जवळपासही जात नाही. वेळेवर चिखलणी व्हावी यासाठी ट्रॅक्टर आपल्या नावावर असण्याची गरज नाही, आपला दिवस ठरलेला असण्याची गरज आहे. चार-पाच कुटुंबांनी मिळून, पंचवीस-तीस एकरांच्या हिशेबाने एक जुना फोर-व्हील घेतला तर निम्मे किंवा त्याहून जास्त तास घरच्याच कामाचे निघतात. बाकीच्यासाठी बाहेर थोडेच फिरावे लागते. भांडण होते ते पहिला नंबर कोणाचा यावर. ते पाण्याच्या क्रमाने सोडवता येते: ज्याच्याकडे विहीर किंवा बोडी आहे, त्याने पऱ्हे आधी टाकून चिखलणी आधी उरकावी, केवळ पावसावर असणाऱ्यांना पावसाचे पहिले दिवस मोकळे ठेवावेत. हे जूनमध्ये तोंडी ठरवून चालत नाही. खरेदीच्या दिवशीच कागदावर लिहावे, आणि दुरुस्तीचे पैसे एकराप्रमाणे नव्हे, तर वापरलेल्या तासांप्रमाणे भरायचे हेही त्यात घालावे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: एवढी कटकट करण्यापेक्षा नवाच का घेऊ नये? यात पूर्वीपेक्षा जास्त तथ्य आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुटे भाग 18 वरून 5 टक्क्यांवर आले. मूळ किंमत 7 लाख असलेल्या ट्रॅक्टरवर हा फरक 49,000 रुपयांचा होतो. महाडीबीटीवर अर्ज करून मिळणारे अनुदानही नव्यालाच, जुन्याला नाही. कर्जाचे व्याजही जुन्यावर बहुधा जास्तच लागते. म्हणजे त्या तारखेआधीच्या भावाने कोणी जुना विकत असेल, तर तो उतरलेल्या नव्या किमतीचा फायदा स्वतःकडे ठेवतो आहे, आणि खरेदीदाराने तो मागून घ्यायला हवा. तरीही जुन्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा उरतो. 1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले; त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आले. त्याखालचे ट्रॅक्टर जुन्याच साध्या पंपावर चालत राहिले. देवरी किंवा सडक अर्जुनीच्या मेकॅनिकला संगणक न जोडता जे इंजिन दुरुस्त करता येते, ते रोवणीच्या ऐन दिवसांत मोलाचे. आणि धानाला जास्त हॉर्सपॉवर लागतही नाही. कुबोटाचा एल 4508 हा 45 हॉर्सपॉवरचा फोर-व्हील अवघा 1.4 टनांच्या घरात आहे. त्याच शक्तीचे इतर अनेक ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतात. चिखलाखाली जो घट्ट थर पाणी धरून ठेवतो, तो जड ट्रॅक्टरने फुटला की बांधीतले पाणी झिरपत राहते आणि पुढच्या वर्षी तिथे चाके आणखी खोल जातात. वजन न विचारता हॉर्सपॉवर विचारणारे नेमकी हीच हानी ओढवून घेतात.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण इथे मतभेदाला जागा नाही. आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर त्यांचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 त्याच दिवशी सही करून घ्यावेत. एमएच-35 च्या जागी एमपी-50 किंवा सीजी-08 असा क्रमांक असेल, म्हणजे ट्रॅक्टर बालाघाट किंवा राजनांदगावकडचा असेल, तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि 12 महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायचा तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. स्वस्त भावात हा खर्च आणि हेलपाटे धरलेले नसतात. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, तिची चौकशीही वेगळी करावी.

राहिला प्रश्न कधी घ्यायचा. मे-जूनमध्ये प्रत्येकाला ट्रॅक्टर हवा असतो, विकणाऱ्याला ते माहीत असते, आणि बांध्या कोरड्या असल्याने फोर-व्हीलची परीक्षाही घेता येत नाही. कडक जमिनीवर तर पुढचा जोर तुटलेला ट्रॅक्टरही झोकात चालतो. धान विकून हातात पैसा आल्यानंतर, जानेवारीत, उन्हाळी धानाच्या चिखलणीला इटियाडोहच्या लाभक्षेत्रात किंवा विहिरीच्या पाण्यावर बांध्या भरलेल्या असतात. तेव्हा सौदा करावा. विकणाऱ्याला सांगावे की ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून अर्धा तास बांधीत चालवून दाखवा, एकदा फोर-व्हील टाकून आणि एकदा काढून. पुढची चाके ओढतात की नुसती फिरतात, वळताना एक्सलमधून कडकड येते का, उचललेला रोटाव्हेटर दहा मिनिटे तसाच राहतो की हळूहळू खाली बसतो, हे धुऱ्यावर उभे राहून दिसते. बाहेर काढून चाके धुतल्यावर एक्सलचे तेल पुन्हा बोटावर घ्यावे. विकणारा बांधीत उतरवायला तयार नसेल, तर किंमत कितीही खाली आणली तरी तो ट्रॅक्टर घेऊ नये.