अक्काचा नेम

या सदराच्या वाचकांना माझी थोरली बहीण, आमची अक्का, नवी नाही. यजमानांच्या पश्चात सातारा रस्त्यावरचा पेट्रोलपंप ती एकटीने चालवते. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली, पदर खोचून चकल्या पाडायला बसली आणि दोन घाण्यांतच सोऱ्या माझ्या पत्नीच्या हाती देऊन उठली. अक्का आणि अर्ध्या चकल्यांवरून उठते! मी तिचा हात पाहिला. उजव्या तर्जनीच्या टोकाकडच्या पेराशी काळानिळा डाग, कडेची कातडी सोललेली.

"पंपावर कशात सापडलं का?"

"नाही रे बाळ्या. चापानं केलंय. रिव्हॉल्व्हरच्या."

रोजची रोकड बँकेत न्यावी लागते म्हणून तिने रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतले होते. मला ते मुळीच पसंत नव्हते. माझा शस्त्रांशी संबंध पोवाडे शिकवण्यापुरता. परंतु विरोध करायला तोंड तरी कुठे होते? दर भाऊबीजेला मी ताम्हणात पाकीट टाकतो आणि पुण्यात सुखाने झोपतो. तिचे रक्षण तीच करते.

रिव्हॉल्व्हर घेताना अक्काने साडी घेताना लावतो तोच न्याय लावला होता. हलके तेवढे चांगले! पर्समध्ये मावते, खांदा दुखत नाही, बायकांना बरे. ही समजूत तिची एकटीची नव्हे. १९५० नंतर अमेरिकेत छोट्या रिव्हॉल्व्हरचा सांगाडा पोलादाऐवजी अॅल्युमिनियमचा होऊ लागला, पुढे टायटॅनियम आले, आणि २०१४ साली आपल्या कानपुरातही अर्ध्या किलोचे 'निर्भीक' स्त्रियांसाठी म्हणून निघाले. अक्काचे कोणत्या बनावटीचे ते सांगण्याचे कारण नाही. हलकेपणाचे गुणदोष सर्वांना सारखेच.

आणि दोष असा, की खांद्याचा वाचलेला भार बोट व्याजासह फेडते. काडतूस तेच, म्हणजे मागे येणारा रेटाही तोच. शस्त्राचे वजन निम्मे केले की ते दुप्पट वेगाने मागे येते, आणि हाताला जिरवावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. शिवाय चापाचे काम निराळेच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली आशियाई सुवर्णपदक मिळवले त्या प्रकारात पिस्तुलाच्या चापावर किमान एक किलोचा भार असावा, असा नियम आहे. अक्काच्या चापाला मात्र एकाच ओढीत गोळ्यांची चकरी फिरवायची असते, घोडाही मागे न्यायचा असतो. त्याला पाच-सहा किलोंचा जोर लागतो. शस्त्र अर्ध्या किलोचे आणि चाप त्याच्या दसपट!

जानेवारीत अक्कासोबत तिच्या गावाजवळच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. तिथे शिकवणारे निवृत्त सुभेदार अक्काचे बोट पाहून काहीच बोलले नाहीत. त्यांनी चकरी स्वतः भरली. काही काडतुसे खरी, काही उडवलेली, रिकामी. कोणती कुठे ते अक्काला सांगितले नाही. पहिला बार झाला. दुसराही झाला. तिसऱ्या वेळी नुसताच 'खट्' आवाज आला, आणि गोळी नसतानाही नळी चांगली चार बोटे खाली झुकली.

"गोळी नव्हतीच, बाई. मग दचकलात कशाला?"

अक्का जरा वेळाने म्हणाली, "दुखतं. आधीच कळतं, आता दुखणार म्हणून." यजमान गेल्यानंतर तिच्या तोंडून 'दुखतं' हा शब्द मी प्रथमच ऐकला.

"दुखलं की हात भितो. हात भ्याला की नेम गेला. पण गोळी कुठंतरी जातेच! तुमच्या पंपावर गिऱ्हाईक उभं असतं, पोरं असतात. दुखणं सोसायचं नाही, बाई. दुरुस्त करायचं."

मग त्यांनी एकेक दोष दाखवला. मूठ एवढी छोटी की करंगळी अधांतरी, आणि चापाभोवतीच्या कड्यामागे पोकळी. बार होताच शस्त्र हातात गरकन वर फिरे आणि ते कडे बोटावर आदळे. त्यांनी हात मुठीवर जाईल तितका वर चढवायला लावला, डाव्या हाताची पकड त्यावर घट्ट बसवली, आणि तात्पुरता उपाय म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मुठीला गुंडाळली. पुढे अक्काने पोकळी भरून काढणारी रबरी मूठच बसवून घेतली.

दुसरा दोष बोटाचा. ते चापाच्या पार खालच्या टोकावर असे, म्हणून प्रत्येक ओढीला चाप आणि कडे यांच्यामध्ये चिमटे. ते थोडे वर सरकवले आणि पहिल्या पेराच्या रेषेपाशी टेकवले. तिथे जोरही अधिक मिळतो. बार झाल्यावर अक्का चापावरून बोट चटकन उचलत असे, मग परतणारा चाप त्यावर चापट मारी. "बोट चापाला चिकटूनच पुढं येऊ द्या," सुभेदार म्हणाले. मात्र नेम धरेपर्यंत बोट कड्याच्या बाहेर, हा त्यांचा पहिला नियम शेवटपर्यंत पहिलाच राहिला.

चापाच्या दर्शनी बाजूला बारीक खाचा होत्या, त्याच कातडी सोलत. अक्का घरी कानस घेऊन बसणार होती! सुभेदारांनी तिला दटावले. ते काम परवानाधारक कारागिराचे. त्याने पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला. शिवाय एका दिवशी दहा-बारा बार पुरे. बाकीचा सराव घरी रिकाम्या शस्त्रावर, खोट्या काडतुसांनी. त्याआधी चकरी तीनदा तपासायची आणि खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात.

डाग फिका झाला तरी मी तिला डॉक्टरांकडे नेलेच. कारण 'ट्रिगर फिंगर' नावाचा आजार असतो असे कुणीतरी सांगितले होते. डॉक्टर हसले. त्या आजाराचे नाव चापाचे, पण बहुधा त्याचा बंदुकीशी संबंध नसतो. बोटाच्या मुळाशी, तळहातावर, स्नायूची दोरी जिथून सरकते ती वाट अरुंद होते. मग वाकलेले बोट अडकते आणि चाप सुटल्यासारखे 'टक्' करून उघडते. बायकांत आणि मधुमेहींत तो अधिक, आणि बहुतेकदा अनामिका किंवा अंगठ्याला. अक्काला तो नव्हता. मात्र सूज उतरेना, बधिरता आली किंवा बोट अडकू लागले, तर घरगुती लेपांवर दिवस काढू नका, असे त्यांनी बजावले.

आता धंद्याचा दोष म्हणून एक शब्द सांगतो. मराठीत 'चाप' बंदुकीचाही असतो आणि माणसाला लावायचाही. 'नेम' म्हणजे रोख, आणि रोज न चुकता पाळायचे व्रतही नेमच. बोट दुखते म्हणून अक्का सराव टाळत होती, आणि सराव नसलेले शस्त्र पर्समध्ये बाळगत होती. एक नेम मोडला की दुसरा चुकणारच. माझ्या विरोधापेक्षा हा धोका मोठा होता, आणि तो मला एका सोऱ्यामुळे कळला.

ते रिव्हॉल्व्हर मला अजूनही आवडत नाही. ते तिला कधी उपसावे लागू नये, एवढेच मागणे. महिन्यातून एका रविवारी मी तिच्यासोबत मैदानावर जातो, कानांवर आवाज अडवणारे बोंडले चढवून मागे उभा राहतो आणि रिकामी काडतुसे वेचतो. भावाने करायचे ते मला एवढेच जमले.

परवा तिचा फोन आला. मी आधी बोटाची चौकशी केली. ती म्हणाली, "बोटाचं सोड. भाजणी गेल्या वर्षीच्या दुप्पट दळून ठेव."