मांडवीची चिठ्ठी

रानपिंगळा हा मध्य भारतातला पक्षी. पण ब्रिटिश संग्रहालयातल्या त्याच्या एका नमुन्यावर गाव लिहिलेलं होतं मांडवी. साल 1914. मांडवी म्हणजे आपलीच, सुरत जिल्ह्यातली, तापीकाठची. नोंद कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांची. पक्षिशास्त्रातलं बडं नाव. एवढं नाव असल्यावर चिठ्ठीला उलटून कोण विचारणार?

1999 मध्ये पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ते विचारलेलं छापून आलं. पक्षी मांडवीचा नव्हताच. जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना कर्नलसाहेबांनी चोरला होता. तो उसवून नव्याने भरला, शिवला आणि त्याला नवी चिठ्ठी लावली. पक्षी खरा, पिसं खरी. खोटी होती ती फक्त चिठ्ठी. आणि सगळे वाचत होते तीच.

स्पेनचे छायाचित्रकार जोआन फोन्तकुबेर्ता यांनी पेरे फोर्मिगेरा यांच्यासोबत, लोक चिठ्ठीच वाचतात हे ओळखून, 'फाउना' हे बनावट प्राण्यांचं प्रदर्शन उभं केलं. बारा पायांचा साप, पंख फुटलेलं माकड. सोबत जुनाट फोटो, क्ष-किरण चित्रं, टिपणवह्या आणि 1955 साली नाहीसा झालेला एक जर्मन प्राध्यापक. 1989 मध्ये हे सगळं बार्सिलोनाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात मांडलं गेलं, खऱ्या प्राण्यांच्या शेजारी. पण प्राध्यापकाचं आडनाव आमाइझेनहाउफेन. जर्मनमध्ये त्याचा अर्थ मुंग्यांचं वारूळ. शिवण दिसेल अशीच ठेवली होती. कर्नलने ती लपवली.

अशा कलेने लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल, अशी भीती काहींना वाटते. मला ती पटत नाही. मांडवीच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारी माणसं शिकलेली होती, आणि त्या विश्वासाने पक्षी सापडला नाही. रासमुसेन यांनी कर्नलच्या नोंदी बाजूला सारल्या, डेव्हिडसनच्या खानदेशात शोध घेतला आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. शंभरहून अधिक वर्षांनी. आपल्या सुरतच्या नवागाम-डिंडोलीतल्या कितीतरी घरांचं मूळ गाव त्याच पट्ट्यात आहे.

आज दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या चमत्कारिक प्राण्याचा फोटो आपल्या मोबाइलवर येतो. खाली एक ओळ असते: अमुक जंगलात सापडला. तेवढी ओळ पुरते, आणि फोटो पुढे जातो.

म्हणून इथल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांना सांगणं आहे. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात तो बारा पायांचा साप लावा. मुलांना पोटभर बघू द्या. मग खालची ओळ मोठ्याने वाचायला लावा, आणि ती कोणी लिहिली हे त्यांनाच शोधू द्या.