संपर्क यादी गहाण ठेवणारी सावकारी

माझा भाचा जोगेश्वरीला राहतो आणि मरोळच्या एका कंपनीत मोबाइल अ‍ॅप लिहितो. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात धरून तो सांगत होता की, लॉकडाऊननंतर त्यांच्याकडे झटपट कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपचे काम आले होते. ग्राहकाच्या फोनमधली संपर्क यादी उचलायची आणि सर्व्हरवर टाकायची, एवढाच तुकडा याच्या वाट्याला होता. कागदोपत्री त्याला नाव होते 'रेफरन्स पडताळणी'. "मामू, सांगितलं ते मी लिहिलं. पुढं कोण त्याचं काय करतो, त्याला मी काय करणार?"

पुढे काय होते, हे मुंबईत कुणापासून लपलेले नाही. मे 2022 मध्ये मालाडच्या एका माणसाने आत्महत्या केली. कर्ज अ‍ॅपच्या वसुलीवाल्यांनी त्याचे छेडछाड केलेले फोटो त्याच्या ओळखीच्या लोकांना पाठवले होते. ही एखाद्याच अ‍ॅपची विकृती नव्हती, धंद्याची रीतच तशी होती. पाच हजार मागितले की 'प्रोसेसिंग फी' आधीच कापून तीन-साडेतीन हजार हातात द्यायचे, सात दिवसांत पुरे पाच हजार मागायचे, आणि उशीर झाला की सासऱ्याला, बॉसला, बहिणीच्या शाळेतल्या बाईंना फोन लावायचे. कर्जाला ना तारण, ना जामीन. तारण होती अब्रू, आणि ती संपर्क यादीत साठवलेली होती.

'आम्ही फक्त साधन बनवतो, सुरीने भाजीही चिरता येते', हा युक्तिवाद आपल्या संगणकवाल्यांचा लाडका आहे. इथे तो टिकत नाही. अँड्रॉइडवर अ‍ॅपला संपर्क यादी वाचायची असेल तर मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये तशी परवानगी मागणारी ओळ लिहावी लागते. ती आपोआप उगवत नाही. कुणीतरी ती टाइप करतो, दुसरा तपासतो, तिसरा मंजूर करतो. पैसे मोजून द्यायला आणि परत घ्यायला ग्राहकाच्या मेहुण्याचा नंबर कशाला हवा, हे या तिघांपैकी एकालाही सुचले नाही? सुचले असणार. उत्तर माहीत होते म्हणूनच कुणी विचारले नाही.

'ग्राहकाने स्वतःच अलाऊ दाबले ना?' असेही म्हणतात. घरात आजारी माणूस आणि खिशात दमडी नाही, अशा वेळी दाबलेल्या बटणाला संमती म्हणायचे तर अडलेल्या कुळाच्या अंगठ्यालाही संमतीच म्हणावे लागेल. शिवाय यादी फक्त ग्राहकाची नसते. तिच्यात दोन-तीनशे माणसे असतात, त्यांनी कुठलेच बटण दाबलेले नसते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम 6 खाली नेमके हेच उदाहरण आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्क यादी मागितली आणि रुग्णाने हो म्हटले, तरी सेवेला ती यादी लागत नसल्याने ती संमती धरली जात नाही.

माझ्या समाजातले काहीजण म्हणतील, व्याज हराम आहे, घेतलेच कशाला? हा प्रश्न कर्जदारालाच विचारण्याची आपल्याला खोड आहे. मनाई सूद खाणाऱ्यालाही आहे, आणि त्याचा कागद लिहून देणाऱ्यालाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. या जमान्यात तो कागद कोडमध्ये लिहिला जातो.

महाराष्ट्राला सावकारी नवी नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे जाळले. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने कर्जदाराचा पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती घुटमळणे हा छळ मानून गुन्हा ठरवला. आजच्या सावकाराला घराभोवती घुटमळायची गरजच नाही, तो खिशात बसला आहे. आणि जाळायला रोखाही नाही. सर्व्हर कुठल्या देशात आहे, याचाही पत्ता नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर 2021 च्या अहवालात सांगितले की, तपासलेल्या सुमारे 1,100 कर्ज अ‍ॅपपैकी 600 बेकायदा होती. संपर्क यादी, फोटो, कॉल नोंदींना हात लावायचा नाही, असे कर्ज अ‍ॅपना बजावणारे दिशानिर्देश निघाले 2 सप्टेंबर 2022 रोजी. मालाडच्या त्या घरासाठी चार महिने उशिरा. तेही बँका, वित्तसंस्था आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना लागू. जी अ‍ॅप मुळातच बेकायदा, ती कुणाला विचारून यादी उचलणार? आणि ती लिहून देणाऱ्या अंधेरीच्या, मालाडच्या, पवईच्या कंपन्यांचे त्यात नावही नाही.

भाच्याला मी विचारले, कॉलेजात नीतिशास्त्राचा विषय नव्हता का? होता म्हणाला. परीक्षेआधी दोन रात्रींत उरकला, व्याख्या पाठ केल्या. मग त्याने मलाच पेचात पकडले: "नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. घराचा हप्ता तुम्ही भरला असता?"

हा खरा प्रश्न आहे, आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. मुख्य गुन्हेगार तो नाही. काम घेणारा मालक आहे, ज्याला ग्राहक कंपनीचा पत्ताही धड माहीत नव्हता. पण नाही म्हणणे आणि नोकरी सोडणे यांच्या मध्ये बरीच जागा असते. 'संपर्क यादी कशासाठी हवी, लेखी कळवा' असा दोन ओळींचा ईमेल वरिष्ठाला पाठवता आला असता. मालकाला तो पुढे पाठवावा लागला असता, निदान उत्तर तरी शोधावे लागले असते.

तो ईमेल भाच्याने पाठवला नाही. आणि हप्त्याचा प्रश्न ऐकून मीही वाटी खाली ठेवली आणि विषय बदलला.