‘डाएट कंट्रोल करा’ म्हणजे नेमकं काय?

मधुमेहाच्या रुग्णाला मिळणाऱ्या चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, मिलिग्रॅम असतात, जेवणाआधी की नंतर हेही असतं. सगळ्यात खाली दोन शब्द : डाएट कंट्रोल. आता काय खायचं आणि किती, ते ज्याचं त्यानं ओळखावं. मी आहारतज्ज्ञ आहे. अशा चिठ्ठ्या रोज बघते. डॉक्टरांना काळजी नसते असं मुळीच नाही, त्यांना हे कुणी नीट शिकवलेलं नसतं.

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत पोषण हा स्वतंत्र विषय नाही. जीवनसत्त्वं बायोकेमिस्ट्रीत, कुपोषण कम्युनिटी मेडिसिनमध्ये, असं ते विखुरलेलं आहे. बेरीबेरी कशानं होतो हे परीक्षेपुरतं पाठ होतं. पण ओपीडीत समोर बसते ती रक्त कमी असलेली बाई. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. तिला लोहाच्या गोळ्या मिळतात. जेवणावर लगेच चहा घेता का, हे कुणी विचारत नाही. चहामुळे लोह कमी शोषलं जातं, जेवणात लिंबू पिळलं तर जास्त. काही घरांत तर गोळीच चहाबरोबर घेतात!

रमजानचं घ्या. 2001 मध्ये भारतासह 13 देशांत झालेल्या एपिडायर अभ्यासात टाइप 2 मधुमेह असलेल्या सुमारे 79 टक्के मुस्लिमांनी किमान 15 रोजे धरले होते. म्हणून ‘रोजा धरू नका’ एवढं सांगून काम होत नाही. रुग्ण मान हलवतो, घरी येऊन रोजा धरतो आणि गोळीची वेळ स्वतःच ठरवतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर दिवसभर उपाशी राहिलं तर साखर धोकादायक घसरू शकते. आजाऱ्याला सवलत आहे हे कुरआनात स्पष्ट आहे. साखर 70 च्या खाली गेली तर रोजा लगेच सोडावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. हे बोलणं रमजानच्या दीड-दोन महिने आधी व्हायला हवं, सहरी-इफ्तारला काय खाता हे विचारत. त्यासाठी डॉक्टर मुस्लिमच हवा असं काही नाही. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर राहणाऱ्या मावशींनाही हाच प्रश्न विचारायचा आहे.

माझं म्हणणं इतकंच, की कालच्या दिवसभरात रुग्णानं काय खाल्लं हे विचारून लिहून काढणं, हे बीपी मोजण्यासारखं कौशल्य आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुण ठेवा. गुण नसलेलं मुलं शिकत नाहीत, हे आपण सगळे जाणतो.

नवा अभ्यासक्रम पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना दत्तक कुटुंबांकडे पाठवतो. तुमच्यापैकी जे यंदा जाणार असतील, त्यांनी बीपी मोजून झालं की स्वयंपाकघराकडे वळून विचारा : महिन्याला तेल किती लागतं, आणि जेवणारी माणसं किती?