श्वास मोजा, पण भोंगाही वाजवा

रात्री साडेनऊला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप वाजतो. उद्याचा गृहपाठ, प्रकल्पाची आठवण आणि पाठोपाठ पालकांच्या अंगठ्यांची रांग. सातवीतल्या मुलाला फोन हातात घ्यावाच लागतो आणि एकदा घेतला की तो गृहपाठापाशी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्याच मुलाला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगायचे, हा सध्या अनेक शाळांना सुचलेला उपाय आहे.

उपाय खोटा नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, कार्यक्रम सुरू केला. इगतपुरीच्या विपश्यनेमुळे आणि शाळांतल्या आनापानामुळे महाराष्ट्राला तर हा विषय नवखा नाहीच. फोन वाजला की हात आपोआप तिकडे जातो. ती उबळ उठताना ओळखायची आणि क्षणभर थांबायचे, एवढेच यात शिकायचे असते. ते जमले तर मोठीच गोष्ट आहे.

पण वर्गात बसवून ते सर्वांना जमते का? ब्रिटनमध्ये ‘मिरियाड’ नावाची मोठी चाचणी झाली. ८५ शाळा, ११ ते १४ वयोगटातील आठ हजारांहून अधिक मुले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सजगतेचे धडे घेतलेली मुले आणि नेहमीचे भावनिक शिक्षण घेतलेली मुले यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. थोडाफार फायदा झाला तो शिक्षकांना! आधीच मानसिक त्रास असलेल्या मुलांबाबत तर संशोधकांनी सावधगिरी सुचवली. तेव्हा डोळे मिटून बसल्यावर ज्या मुलाची धडधड वाढते, त्याला सक्ती नको, समुपदेशकाकडे न्यावे.

२०२२ मध्येच सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसायची. महत्त्वाचे हे, की बंदी मोठ्यांनाही होती. सातची मालिका सुटली म्हणून कुरकुर झाली नसेल असे नाही, पण घराघरांत जाऊन समजूत घालणारी माणसे गावाने नेमली होती. एकट्या मुलाला संयम शिकवण्याऐवजी गावाने संध्याकाळच बदलली.

शहरातल्या शाळेला भोंगा शक्य नाही, पण गृहपाठ वर्गात फळ्यावर लिहून देणे शक्य आहे. सायंकाळी सहानंतर ग्रुपवर संदेश टाकायचा नाही, असा नियम मुख्याध्यापक उद्या काढू शकतात. त्याला अनुदान लागत नाही. सजगतेचा तास ठेवायचाच असेल तर आधी शिक्षकांना नीट शिकवावे आणि मुलांसाठी तो ऐच्छिक असावा. पालकसभेत मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: जेवताना तुमचा स्वतःचा फोन कुठे असतो?