कडबा कोणी मोजला?



नागभीडच्या जिल्हा बैठकीपुढे एक साधा प्रश्न येणार आहे. गावोगाव अभ्यासाला येणाऱ्या मंडळींचे फॉर्म आपण भरून द्यायचे की नाही? वरोरा-कोरपन्याकडचे कार्यकर्ते म्हणतात, आता पुरे. दर दोन-चार वर्षांनी कोणी येतो, एकर विचारतो, कर्ज विचारतो, चहा पिऊन जातो. अहवालाचे तोंड गावाला दिसत नाही. राग खरा आहे. तरी माझे मत थोडे वेगळे आहे, ते आधीच मांडून ठेवतो.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. जवारीचे उत्पन्न म्हणजे एकरी किती क्विंटल दाणे, एवढेच आम्हाला शिकवले. 1964 मध्ये सीएसएच-1 हा संकरित वाण आला. ताट बुटके, दाणा भरपूर. वहीत तो जिंकला. पण कडबा कोणी मोजला? आपल्या घरी जवारी म्हणजे अर्धे माणसाचे पोट आणि अर्धे बैलाचे. बुटक्या वाणाचा कडबा कमी. लवकर येणारे कणीस पावसात सापडून काळे पडायचे, त्याला बाजारात कोणी विचारीना. पुढे रेशनचा गहू-तांदूळ स्वस्त झाला, सोयाबीन आले, रानडुकरांचा उपद्रव वाढला. जवारी हटली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी बैलजोडी पोसणे जड झाले, बैल गेले तसे शेणखत गेले. मग मृगाचा पाऊस पडला की दुसऱ्याच्या जोडीची नाही तर भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहायची. आपली पाळी येईपर्यंत वाफसा उडून जातो. खताला रोख, पेरणीला रोख. आणि रोख कुठून? कृषी केंद्राच्या उधारीतून, नाही तर सावकाराकडून.

यातली एकेक कडी एकेका खात्याकडे आहे. दाणा कृषी खात्याकडे, डुक्कर वन खात्याकडे, बैल पशुसंवर्धनाकडे, कर्ज सहकार खात्याकडे. अख्खी साखळी मात्र कोणाकडेच नाही.

ती ओढून पाहणारे अभ्यास झालेच नाहीत असे नाही. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्र यांनी 2006 मध्ये राज्य सरकारला अहवाल दिला. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली घरे आणि न झालेली घरे त्यांनी शेजारी ठेवून तपासली. कर्जाचा फरक दिसला, तो दिसणारच होता. पण आत्महत्या झालेल्या घरांकडे बैल कमी होते, हेही दिसले. बैल म्हणजे अडीनडीला मोडता येणारी ठेव. आपल्या आयाबायांना हे ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि सरकारपुढे कागदावर येणे वेगळे.

बोंडअळीचे तसेच. 2017 मध्ये गुलाबी अळीने बीटीची बोंडे पोखरली तेव्हा शहाण्यांनी शेतकऱ्याला दोष दिला, फरदड का ठेवता म्हणून. फरदड कोणी हौसेने ठेवतो का? पहिल्या वेचण्यांत खर्च निघत नाही म्हणून माणूस पऱ्हाटी उपटत नाही. फरदडीवर अळी जगते, अळीसाठी फवारणी वाढते. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

नागभीडचा धानकरी म्हणेल, हा कापूस-जवारीचा पाढा आम्हाला कशाला? त्याने आपला मामा तलाव आठवावा. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले. पाणी सरकारने वहीत लिहिले, पण गाळ काढायला, पाळ बांधायला गाव जमायचे, ते कोणत्या वहीत होते?

आपल्यातले काही जण बजावतात की 'कारणे अनेक आहेत' म्हणत भावाचा प्रश्न पातळ करायचा, हा जुना सरकारी डाव आहे. आहेच. पण वरची साखळी पुन्हा वाचा. जवारीला भाव असता तर ती हटली असती का? कापसाला असता तर फरदड ठेवावी लागली असती का? साखळी मांडल्याने भावाचा मुद्दा सुटत नाही, उलट कडीकडीत सापडतो.

म्हणून फॉर्म भरावेत, पण आपल्या अटींवर. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यास गट चालवला. बाहेरचा जाणकार गावकऱ्यांच्या बरोबरीने बसायचा, दोघे मिळून माहिती तपासायचे आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घ्यायची. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आपल्या जंगलाबद्दल ते कोणत्याही साहेबापेक्षा जास्त बोलू शकत होते.

आपण ठराव करावा: प्रश्न गावात बसून ठरतील, दाणा, कडबा, बैल, डुक्कर आणि उधारी एकाच कागदावर येईल, अहवाल मुंबईला जाण्याआधी मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जाईल. अट मान्य नसेल त्याला चहा पाजून परत पाठवावे.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावाचे दोन आकडे आणावेत. 20 वर्षांपूर्वी बैलजोड्या किती होत्या आणि आज किती आहेत. अंदाजे नको, घरोघर विचारून.