भाऊबीज, पेन ड्राइव्ह आणि तीस लाइफ

यंदाच्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावाने ओवाळणीच्या ताटात पाकीट नाही टाकलं, पेन ड्राइव्ह टाकला. पहिल्या नोकरीचा पहिलाच बोनस, त्यामुळे माझ्या अपेक्षा जरा वरच्या होत्या. माझा चेहरा बघून साहेब म्हणाले, "ताई, तोंड वाकडं करू नकोस. यात आपलं अख्खं बालपण आहे!"

खरंच होतं. लॅपटॉपला लावला आणि तीच ती ट्यॅंव-ट्यॅंव म्युझिक! मारिओ, कॉन्ट्रा, बॉम्बरमॅन... हजारभर गेम्स आणि ते चालवणारा एम्युलेटर. आमच्या लहानपणी मामाने स्टेशनबाहेरच्या दुकानातून 'टीव्ही गेम' आणला होता. सोबत '९९९९ इन १'ची पिवळी कॅसेट, ज्यात खरे गेम मोजून वीसेक. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत लावायची. कॉन्ट्रात वर-वर-खाली-खाली केलं की तीस लाइफ! आणि मागून आईचा कायमचा डायलॉग, "डोळे जातील!"

दोन तास खेळलो. मग माझ्यातली पत्रकार जागी झाली. हे लीगल आहे का रे? भावाचं उत्तर, "जुनं आहे गं. कोणाला पडलंय?"

तर हा 'कोणाला पडलंय'चा फंडा जरा तपासून बघू या.

आधी एक गल्लत दूर करू. एम्युलेटर म्हणजे गेम नव्हे. जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर म्हणजे एम्युलेटर, आणि कॅसेटमधला गेम फाइल करून ठेवला की ती रॉम. प्लेअर वेगळा, गाणं वेगळं, तसंच.

प्लेअर बनवणं गुन्हा आहे का, हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता. कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने १९९९ मध्ये प्लेस्टेशनचे गेम मॅकवर चालवणारं 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' काढलं. सोनीने केस ठोकली. २००० साली अपील कोर्टाने सांगितलं, की मशीन कसं चालतं हे समजून घेऊन स्वतःचं नवं सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी अभ्यासापुरती कॉपी केली तर ती रास्त आहे. सोनी हरली. मग सोनीने काय केलं? २००१ मध्ये ते सॉफ्टवेअरच विकत घेतलं आणि बंद करून टाकलं!

म्हणजे एम्युलेटर बिनधास्त? थांबा. २०२४ च्या फेब्रुवारीत निन्टेन्डोने 'युझू' या एम्युलेटरच्या मागच्या कंपनीवर खटला भरला. युझूवर स्विचचे गेम चालायचे, आणि तेव्हा स्विच दुकानात जोरात विकला जात होता. त्यासाठी गेमवरची डिजिटल कुलपं तोडावी लागतात, हा मुख्य आरोप. 'झेल्डा'चा नवा गेम बाजारात येण्याआधीच दहा लाखांहून जास्त वेळा फुकट डाउनलोड झाला, असंही निन्टेन्डोचं म्हणणं होतं. आठवडाभरात तडजोड झाली, २४ लाख डॉलर्स आणि युझूला टाळं. फरक लक्षात आला? एक मशीनचा अभ्यास, दुसरं चालू दुकानाचं कुलूप.

आता आपल्याकडे या. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याकडे सॉफ्टवेअरची कायदेशीर प्रत आहे त्याला बॅकअप काढता येतो, स्वतःपुरती बिगरधंदेवाईक प्रतही करता येते. पण नेटवरून उतरवलेली रॉम ही काही तुमच्या कॅसेटचा बॅकअप नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर कलम ६३ ब मध्ये सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि वर दंडही आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. आणि 'जुनं आहे गं' म्हणाल, तर कंपनीच्या नावावरचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. मारिओ १९८५ चा. करा हिशोब.

सगळ्यात मोठा विनोद पुढेच आहे. आमच्या मामाची ती पिवळी कॅसेट तरी कुठे ओरिजिनल होती? ते मशीनच जपानी मशीनची नक्कल होतं. म्हणजे ज्या बालपणासाठी आम्ही गळा काढतोय, ते मुळातच पायरेटेड! बॅकअप कशाचा काढणार, कपाळ?

पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळतच नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू यांची ऑनलाइन दुकानं बंद केली. पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी विकणारा नाही. अशा वेळी कोणीतरी ते गेम जपून ठेवले नसते तर ते कायमचे गेले असते. आणि निन्टेन्डोने स्वतः २०१६ मध्ये 'एनईएस क्लासिक' हे छोटं खेळणं विकलं, त्याच्या पोटात काय होतं? एम्युलेटरच!

मग मी कुठल्या बाजूची? खरं सांगू, मला हा प्रश्न स्वतःच्या खिशाला लागला तेव्हा कळला. मागे माझा एक लेख नाव उडवून व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्याच फॅमिली ग्रुपवर आला. मावशीने लिहिलं, "किती छान लिहिलंय कोणीतरी!" त्या 'कोणीतरी'ला त्या महिन्यात त्याच लेखाच्या मानधनातून भाडं भरायचं होतं. त्यामुळे 'कोणाला पडलंय' हे वाक्य मला आता सहज म्हणता येत नाही.

शेवटी भाऊ-बहिणीत तह झाला. जो गेम आजही कोणी विकतंय, तो पेन ड्राइव्हवरून डिलीट. जो कुठेच मिळत नाही, तो राहू दे. कायद्याच्या पुस्तकात दुसऱ्यालाही माफी नाही, हे मला माहीत आहे. पण पहिल्याला तर माझ्या मनातही नाही. आणि हो, ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही नाही. तिथे कायद्याआधी एचआर येतं!

कॉन्ट्रा डिलीट करताना भावाचा जीव तुटत होता. कोनामीने २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्रांचा अधिकृत संच काढलाय. मी तो विकत घेतला, भाऊबीजेची उलटी भेट म्हणून. त्याने लगेच सुरू केला, वर-वर-खाली-खाली दाबलं आणि माझ्याकडे वळून ओरडला,

"ताई, पैसे भरूनही तीस लाइफ मिळतात गं!"